प्रकरण अभ्यास: २० वर्षांची कबड्डीपटू, डावा गुडघा, एसीएल आणि फाटलेली गादी

पार्श्वभूमी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझं छोटं क्लिनिक आहे. ही केस तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसंच, माझ्या चुकांसकट.

पेशंट म्हणजे २० वर्षांची मुलगी, बी.ए.ला. गावच्या संघात रेडर, जिल्ह्याच्या संघात राखीव. सकाळी पोलीस भरतीचा सराव आणि संध्याकाळी कबड्डी असा तिचा दिवस, मधल्या वेळात कॉलेज आणि घरी दोन म्हशींची धार. तिचं गणित सरळ होतं. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, सगळं मिळून ५० मार्क. शिवाय कबड्डीत राज्य पातळीचं सर्टिफिकेट मिळालं तर खेळाडू कोट्यातून अर्ज करता येणार. म्हणजे तिचा गुडघा हा घरातल्या सगळ्यांच्या हिशोबात धरलेला होता, आणि पुढचे बरेचसे निर्णय का अवघड गेले ते हे लक्षात घेतल्याशिवाय कळणार नाही.

पहिली दुखापत आणि वाया गेलेले नऊ आठवडे

हिवाळ्यातली स्पर्धा, मॅटवरची मॅच. कोपऱ्याला हात लावून ती मध्यरेषेकडे वळली, डावा पाय रोवला, अंग फिरलं आणि गुडघा आत गेला. कुणी पकडलेलं नव्हतं, कुणाचा धक्का नव्हता. "कट्ट असा आवाज आला मॅडम, मलाच ऐकू आला." तासाभरात गुडघा नारळासारखा सुजला.

आता हे तीन पॉइंट बघा. वळताना किंवा उडी मारून उतरताना कुणाचा स्पर्श नसताना गुडघा जाणं, आवाज येणं, आणि काही तासांत भरपूर सूज. हे तिन्ही एकत्र असले की दुसरं सिद्ध होईपर्यंत एसीएल गेलाय असंच धरायचं. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतली, दोन हाडांना बांधून ठेवणारी दोरी (लिगामेंट), जी नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा फिरून निसटू देत नाही. ती तुटली की आत रक्त साचतं, म्हणून सूज इतकी पटकन येते. दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज वेगळी.

पण झालं काय, की एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, आणि "काही नाही, लचकलाय" इथं विषय संपला. एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही हे घरच्यांना कुणी सांगितलं नाही. मग गावातल्या एका माणसाकडून तेल लावून चोळून घेतलं, गरम विटेने शेकलं, क्रेप बँडेज बांधलं. सूज उतरली, चालता यायला लागलं, आणि सातव्या आठवड्यात ती परत मॅटवर.

दुसऱ्याच चढाईत गुडघा सटकला. या वेळी आतल्या बाजूला कळ, आणि तेव्हापासून पाय पूर्ण सरळ होईना. मग ऑर्थोपेडिक सर्जनकडे गेले, त्यांनी हाताने तपासूनच एसीएलचं निदान केलं, एमआरआयमध्ये ते पक्कं झालं. एसीएल पूर्ण तुटलेला, आणि आतल्या बाजूची गादी, म्हणजे दोन हाडांमधली चकती (मेनिस्कस), कडेला फाटलेली. ती गादी पहिल्या दिवशी फाटली की दुसऱ्या वेळी हे खात्रीने सांगता येत नाही, पण आतल्या बाजूची कळ आणि पाय अडकल्यासारखं होणं हे दुसऱ्या वेळेनंतरच सुरू झालं. माझ्या मते या केसमधलं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालं, ऑपरेशन टेबलवर नाही आणि नंतरही नाही. तुटलेल्या लिगामेंटवर परत परत गुडघा सटकला की प्रत्येक वेळी गादीला आणि हाडावरच्या कूर्चेला मार बसतो, आणि पुढच्या २०-३० वर्षांचं गुडघ्याचं भवितव्य त्या दोघांवरच जास्त अवलंबून असतं.

कोणते पर्याय समोर होते

ती माझ्याकडे आली तेव्हा घरचे दोन टोकांना होते. आईचं म्हणणं, ऑपरेशन नको, खेळ बंद, लग्नाचं वय आहे. वडिलांचं म्हणणं, पैसे पतसंस्थेतून काढतो पण ऑपरेशन या आठवड्यात उरकून टाका.

पहिला पर्याय, ऑपरेशन न करता व्यायाम. लोकांना वाटतं हा गरिबांचा नाइलाजाचा पर्याय आहे, तसं अजिबात नाहीये. २०१० साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, १२१ तरुण, हौशी खेळणारे पेशंट. एका गटाला लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्या गटाला आधी व्यायाम आणि गरज पडलीच तर ऑपरेशन. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनीच ऑपरेशन करून घेतलेलं, पाच वर्षांपर्यंत साधारण निम्म्यांनी. आणि गुडघ्याच्या तक्रारींच्या मार्कांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे निम्म्या लोकांचं ऑपरेशनशिवाय भागलं. अर्थात अगदी वरच्या दर्जाचे व्यावसायिक खेळाडू त्यात नव्हते, हेही सांगायला पाहिजे.

आणि तिच्या बाबतीत एक गोष्ट मी मुद्दाम मांडली, की सरळ रेषेत पळायला एसीएल तेवढा लागत नाही. ८०० मीटर, १०० मीटर हे मजबूत मांडीवर बरेच जण करू शकतात. कबड्डी म्हणजे थांबणं, वळणं, सात जणांनी ओढणं, तिथं एसीएलशिवाय गुडघा भरवशाचा नाही. म्हणून तिला विचारलं, तुला नक्की काय पाहिजे, वर्दी की मॅट? ती आईकडे बघून म्हणाली, दोन्ही.

दुसरा पर्याय लगेच ऑपरेशन. तिसरा, आधी काही आठवडे तयारी आणि मग ऑपरेशन. तिचा गुडघा दोनदा सटकलेला, गादी शिवता येण्यासारखी, वय २०, आणि वळणावळणाचा खेळ सोडायचा नाही, या चार गोष्टींमुळे पारडं ऑपरेशनकडे झुकलं. गादी नसती फाटली तर मी तीन महिने व्यायाम करून मग ठरवू असंच म्हणाले असते. सर्जननीही घाई केली नाही. पाय पूर्ण सरळ होत नाहीये, सूज आहे, अशा गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर आखडतो, हे त्यांनी स्वतः वडिलांना समजावलं. त्यांनी आधी गुडघा तपासला, गादीचा तुकडा अडकून पाय लॉक झालेला नाही याची खात्री केली, नाहीतर थांबून चाललं नसतं. मग सहा आठवडे तयारी, असं ठरलं.

ऑपरेशनआधी

यावर फार लिहीत नाही. पाय पूर्ण सरळ करणं, सूज उतरवणं, मांडीचा पुढचा स्नायू म्हणजे क्वाड्रिसेप्स जागा करणं, एवढंच. गुडघ्यात पाणी असलं की शरीर हा स्नायू आपोआप बंद पाडतं, पेशंटने कितीही जोर लावला तरी. म्हणून सूज ही नुसती दिसण्याची गोष्ट नाही. सहा आठवड्यांत पाय सरळ झाला, सूज जवळपास गेली, चाल लंगडी राहिली नाही. मग ऑपरेशन झालं: मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून नवीन लिगामेंट बसवलं, गादीला टाके घातले.

उशी

ही गोष्ट सविस्तर लिहायची आहे कारण ती मी दर वर्षी दोन-तीन घरांत बघते.

गादी शिवलेली असल्यामुळे काही आठवडे कुबड्या, पूर्ण वजन नाही, आणि उकिडवं बसणं चार महिने बंद. घरात भारतीय संडास, म्हणून खुर्चीचा कमोड आणला. जेवण कॉटवर. धार काढणं भावाकडे गेलं. हे सगळं घरच्यांनी मनापासून पाळलं. आणि आईने मायेने काय केलं, तर रात्रंदिवस गुडघ्याखाली उशी ठेवली. पोरीला बरं वाटायचं, गुडघा थोडा वाकलेला असला की दुखत नाही.

माझ्याकडे ती दुसऱ्या आठवड्यात यायला हवी होती. एसटीने कुबड्या घेऊन यायचं म्हणजे दोघं सोबत लागतात, नाही आली. मी फोन करायला पाहिजे होता, मीही नाही केला. चौथ्या आठवड्यात आली तेव्हा टाच उचलून ठेवल्यावर गुडघा सरळ व्हायला १० अंश कमी होते. वाकत होता छान, ९० पर्यंत, आणि सगळे त्याच्यावरच खूश होते. पण वाकणं नंतर मिळतं, सरळ होणं हातातून गेलं की परत आणताना जीव जातो. १० अंश कमी राहिले तर माणूस कायम लंगडतो, मांडी कधी पूर्ण ताकदीने काम करत नाही, वाटीच्या मागे दुखायला लागतं.

इथं निर्णय होता, सर्जनकडे परत पाठवायचं की थांबायचं. कधी कधी नव्या लिगामेंटच्या पुढे आत गाठ तयार होते, ती असेल तर नुसत्या व्यायामाने पाय सरळ होत नाही, दुर्बिणीतून काढावी लागते. सर्जनशी फोनवर बोलले, दहाव्या आठवड्यापर्यंत वाट बघायची ठरलं, तोवर दर आठवड्याला मोजायचं आणि सलग दोन आठवडे आकडा हलला नाही तर लगेच बोलवायचं. उशी गुडघ्याखालून काढून टाचेखाली दिली. दिवसातून सहा वेळा दहा-दहा मिनिटं, नंतर गुडघ्यावर वाळूची पिशवी. पालथं झोपून पाय कॉटबाहेर लोंबकळत ठेवणं. पाचव्या आठवड्यात ८, सातव्यात ४, नवव्यात दोन्ही पाय सारखे. आई दर वेळी रडवेली व्हायची, "मीच वाटोळं केलं काय ओ पोरीचं?" मी तिला खरं ते सांगितलं, की उशी ठेवू नका हे घरी जायच्या आधी तुम्हाला सांगणं आमचं काम होतं.

बरं वाटण्याचे महिने

तिसऱ्या महिन्यात दुखणं गेलं, सूज गेली, चाल सरळ झाली. हाच काळ मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. बसवलेली दोरी ही सुरुवातीला लिगामेंट नसतेच, तिला नवीन रक्तपुरवठा मिळून ती हळूहळू लिगामेंटसारखी होते, आणि या बदलाच्या मधल्या आठवड्यांत ती बसवल्या दिवसापेक्षाही कमजोर असते. पेशंटला मात्र तेव्हाच मस्त वाटत असतं.

साडेतीन महिन्यांनी एकदा ती आली आणि मी गुडघ्याच्या आतल्या बाजूने हात वर फिरवला, मग बाहेरून खाली, तर आतल्या खळग्यात पाणी परत भरताना दिसलं. विचारलं तर आधी काही नाही म्हणाली. मग सांगितलं, भरतीची जाहिरात येणार असं ग्रुपवर आलंय म्हणून पहाटे डांबरीवर पळत होती, चार दिवस झाले.

मी चिडले, आणि ते चुकलं. तिला "अजून दोन महिने पळायचं नाही" एवढंच सांगितलेलं, का नाही आणि कशानंतर हो, हे सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी बसून कागदावर लिहिलं: पाणी नसेल, एका पायावर खुर्चीतून २० वेळा न डगमगता उठता येईल, आणि डाव्या मांडीची ताकद उजवीच्या ७० टक्के होईल, तेव्हा पळणं सुरू. पाणी बघायची पद्धत तिला आणि आईला शिकवली, रोज रात्री बघायचं, वाढलं तर दुसऱ्या दिवशी काम निम्मं. आईने हे कॅलेंडरवर टिक करून ठेवलं, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. तेव्हापासून लपवालपवी बंद झाली.

पाचव्या महिन्यात जिममधल्या लेग एक्स्टेंशन मशीनवर मोजलं. उजवा पाय ३२ किलो, डावा २०, म्हणजे ६३ टक्के. हे मनाला लागलं कारण दोष माझा होता. चार महिने मी तिला रबरी पट्टा आणि घोट्याला बांधायचं दोन किलोचं वजन यावरच ठेवलेलं, शिवाय प्रत्येक भेटीत अर्धा तास मशीनचा शेक. मांडी त्याने वाढत नाही. स्नायूला वजन लागतं, थकवा लागतो, आणि दर दोन आठवड्यांनी वजन वाढवावं लागतं. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस जिम, लेग प्रेस, एका पायाचं स्क्वॅट, लेग एक्स्टेंशन, मागच्या मांडीसाठी डेडलिफ्ट, पोटरी. सहाव्या महिन्याच्या शेवटी आकडा ७० च्या वर गेला आणि मैदानावर मऊ मातीत पळणं सुरू झालं, एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल.

आठव्या महिन्यातला वाद

जिल्हा संघाची निवड चाचणी आली. तिचे कोच क्लिनिकवर आले, सोबत वडील. "मॅडम, पोरगी पळतीया, उड्या मारतीया, मग खेळायला काय झालं? ही निवड हुकली की वर्ष गेलं." कोच वाईट माणूस नाही, पोरींसाठी स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं देणारा माणूस आहे. आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, वर्ष जाणारच होतं.

सगळ्यांसमोर टेस्ट घेतली. एका पायावर लांब उडी, उजवा १२८ सेंटिमीटर, डावा ११८, म्हणजे ९२ टक्के. कोच म्हणाले झालं की मग. पण मशीनवर उजवा ३४, डावा २७, म्हणजे ७९ टक्केच. लांब उडीत माणूस कमरेने आणि घोट्याने भरून काढतो, गुडघा कमी काम करतो आणि आकडा मात्र छान येतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दाखवलं तर डाव्या पायावर उतरताना ती ताठ उतरत होती आणि धड एका बाजूला कलत होतं. शिवाय इतके महिने बसून उजवा पायही आधीइतका राहिलेला नसतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली की आकडा असतो त्याहून बरा दिसतो.

मग अभ्यासातले आकडे सांगितले. २०१६ साली नॉर्वेतल्या ऑस्लो आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधकांनी एसीएलचं ऑपरेशन झालेले १०६ पेशंट दोन वर्षं बघितले. नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवला तितक्या प्रत्येक महिन्यामागे परत दुखापत व्हायचं प्रमाण साधारण निम्मं झालं. खेळात उतरायच्या टेस्ट पास न होता उतरलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना परत गुडघ्याची दुखापत, पास होऊन उतरलेल्यांत ५.६ टक्के. अभ्यास लहान आहे, पण फरक केवढा आहे बघा. आणि २५ वर्षांखालचे खेळाडू परत खेळायला लागले की साधारण चारातल्या एकाचा एसीएल परत तुटतो, तोच किंवा दुसऱ्या पायाचा.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परत ऑपरेशनला पतसंस्था देणार न्हाई." ती काहीच बोलली नाही. निवड चाचणीला गेली नाही. दोन आठवडे माझ्याकडेही आली नाही. मला आजही वाटतं तो निर्णय बरोबर होता, आणि तरीही त्याची किंमत तिने मोजली, मी नाही, हेही खरं.

पुढे काय झालं

नवव्या महिन्यात भरतीचं मैदान झालं. सरळ पळायचं असल्यामुळे मी परवानगी दिली. ८०० मीटर चांगलं गेलं, १०० मीटरला सुरुवातीच्या झेपेत ती घाबरली आणि मार्क गेले. यादीत नाव आलं नाही.

बाराव्या महिन्यात उजवा ३६, डावा ३३, म्हणजे ९२ टक्के. उतरणं, वळणं नीट. मनाची तयारी किती हे बघायची एक प्रश्नावली असते, तिच्यात मात्र ती खाली होती, वळताना गुडघा जाईल ही भीती. म्हणून लगेच मॅच नाही, सहा आठवडे टप्प्याटप्प्याने: आधी एकटीने चढाईच्या हालचाली, मग समोर एक बचावपटू पण पकड नाही, मग अँकल होल्ड आणि थाय होल्ड कमी जोराने, मग पूर्ण सराव. साडेतेराव्या महिन्यात पहिली मॅच. आता अडीच वर्षं झाली, गुडघा एकदाही सटकलेला नाही. ती रेडरची कव्हर, म्हणजे बचावपटू, झालीय, स्वतःहून. दुसऱ्या भरतीत मैदान बरं गेलं, लेखीत थोडक्यात राहिलं, तिसऱ्याची तयारी चालू आहे. लांबच्या एसटी प्रवासानंतर वाटीपाशी ठणकतं. मांडी घालून बसता येतं, उकिडवं बसून उठताना डावीकडे थोडं अडतं.

पुढची वीस वर्षं

हे आम्ही ऑपरेशनच्या आधीच बोललो होतो आणि ते बोलायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. घरच्यांना वाटतं लिगामेंट नवीन बसलं म्हणजे गुडघा नवीन झाला. स्वीडनमधल्या महिला फुटबॉलपटूंना एसीएल तुटल्यावर १२ वर्षांनी तपासलं, सरासरी वय फक्त ३१, तर निम्म्या जणींच्या एक्स-रेत झीज दिसली, आणि ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्यांत त्या बाबतीत फरक दिसला नाही. ऑपरेशन गुडघा सटकण्यापासून वाचवतं, झिजेपासून वाचवतं असं म्हणता येत नाही.

मग हातात काय उरतं, तर गादी वाचवणं, परत दुखापत होऊ न देणं, मांडी मजबूत ठेवणं आणि वजन. घरी बसून तिचं वजन सहा किलोने वाढलेलं. एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, असं वजनदार, झिजेच्या पेशंटांवरच्या अभ्यासात दिसलंय. तिला हा हिशोब लगेच पटला, सहातले पाच किलो उतरवले. आठवड्यातून दोन दिवस जिम हे खेळ सुटल्यावरही चालू ठेवायचं असं ठरलंय. आईचे गुडघे पन्नाशीतच दुखतात, त्यामुळे झीज म्हणजे काय हे तिला समजवावं लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी, सूज बघूनच, एक्स-रे नॉर्मल असला तरी तिला कबड्डीपासून लांब ठेवून ऑर्थोपेडिककडे पाठवायला हवं होतं. कोचना हे माहीत असतं तर झालं असतं, आता त्यांना माहीत आहे. उशीबद्दल मी ऑपरेशनच्या आधीच आईला सांगते, आणि पहिले सहा आठवडे दर तीन दिवसांनी व्हिडिओ कॉल करते, टाचेखाली उशी दाखवा म्हणून. वजन उचलणं सर्जनच्या मर्यादेत राहून सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू करते, मशीनचा शेक बंदच केलाय. पळण्याच्या, उडीच्या, खेळण्याच्या अटी पहिल्याच भेटीत लिहून देते. निवड चाचणीचा वाद आठव्या महिन्यात झाला कारण तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत होती आणि ती मी विचारलीच नव्हती. तिसऱ्या महिन्यातच हे बोलणं झालं असतं तर निदान तिला दोन आठवडे माझ्यावर रुसून घरी बसावं लागलं नसतं.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गेल्या महिन्यात तिची तपासणी केली तेव्हा डावा पाय छान उतरत होता, आणि उजवा, म्हणजे कधीच न दुखावलेला, उतरताना आत जात होता. सगळं लक्ष डाव्याकडे देताना मी उजव्याचं उतरणं कधी व्हिडिओवर बघितलंच नाही. आता सरावाआधीच्या २० मिनिटांत दोन्ही पायांच्या उड्या घेतो, तिच्यासोबत संघातल्या बाकीच्या मुलीही करतात, आणि सहा आठवड्यांनी परत व्हिडिओ काढायचाय.